अगं, ही तर आपल्यातलीच!

दहावी-बारावीचा निकाल लागला की पिपरी मेघेपासून वर्ध्यापर्यंत आर्वी रस्त्याच्या कडेला फ्लेक्स चढतात. त्यांवर मुली असतात. कुणाला चष्मा, कुणाच्या कपाळाला चिकटलेले केस, कुणाच्या दोन घट्ट वेण्या. खाली टक्केवारी, वर क्लासचं नाव. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया स्कूटी हळू करून पाहतात आणि ओळखतात, ‘हे तं आपल्या गल्लीतली पोट्टी होय वं!’ चार दुकानं पुढे पार्लरची पाटी येते आणि तिथला चेहरा मात्र मुंबईच्या नटीचा. हुशारी दाखवायला गावातली मुलगी चालते, रूप दाखवायचं म्हटलं की चेहरा बाहेरून मागवावा लागतो. असं का?

साबण, क्रीम आणि तेल विकणाऱ्यांनी अधूनमधून नटीला बाजूला ठेवून साधी बाई उभी करून पाहिली. तेव्हा लोकांनी काय केलं, याचे किस्से एकाहून एक सरस आहेत. लोक रडले, भांडले, संपादकांना पत्रं लिहिली, सरकारकडे तक्रारी नेल्या. एकदा तर कंपनीला ट्यूबवरचं नावच बदलायला लावलं. मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. जाहिरात पाहणारी बाई नुसती पाहत बसत नाही, ती बोलते, आणि तिच्या बोलण्याने जाहिरात बदलते.

लक्सची पहिली भारतीय नायिका: चार मुलांची आई

‘सिनेतारकांचा साबण’ म्हणून लक्स मिरवतो. त्याच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका मराठी होती. लीला चिटणीस, साल 1941. धारवाडचा जन्म, पदवीधर, ‘नाट्यमन्वंतर’च्या मराठी रंगभूमीवरून सिनेमात आलेली. कोवळ्या वयात लग्न झालं, चार मुलगे झाले, नवऱ्यापासून वेगळी झाली आणि मुलांना वाढवण्यासाठी कामं करत राहिली. सुरुवातीला सिनेमात गर्दीतल्या भूमिकाही केल्या. मग ‘कंगन’ आला, ‘बंधन’ आला, अशोककुमारसोबत जोडी जमली आणि साबणवाले दारात आले.

एकटीने चार मुलं वाढवणारी, कमावती, पदवीधर बाई हा आजच्या जाहिरातीत ‘साधी बाई’ म्हणून शोभेल असा तपशील आहे. पण 1941 मध्ये कंपनीला तिचं आयुष्य नको होतं, फक्त तिची कांती हवी होती. पुढे त्याच लीलाबाई पडद्यावर आई झाल्या. ‘आवारा’त राज कपूरची आई त्याच. त्यांनी ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र लिहिलं, ते मिळालं तर जरूर वाचा. साबणाच्या वेष्टनावर जे मावलं नाही ते सगळं तिथे आहे.

खान्देशातली मम्मी

साधी बाई साबणाच्या जाहिरातीत खऱ्या अर्थाने आणली ती संतूरने. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हा हळद-चंदनाचा साबण बाजारात आला. एक तरुण बाई, तिच्याकडे वळून पाहणारे लोक, आणि तेवढ्यात ‘मम्मी’ म्हणत धावत येणारी चिमुरडी. चाळीस वर्षं झाली, गोष्ट तीच आहे.

हा साबण विप्रोचा, आणि विप्रोचा जन्म जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचा. 1945 मध्ये तिथे वनस्पती तूप आणि खाद्यतेलाचा कारखाना म्हणून सुरुवात झाली. संगणक वगैरे पुष्कळ नंतरचं! योगायोग असा की 2023 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्याला झालं आणि पुढचं अमळनेरला. म्हणजे साहित्यिकांची पालखी वर्ध्याहून निघाली ती थेट मम्मीच्या गावी पोचली.

लोकांनी या जाहिरातीचं काय केलं? थेट बोलीत घेतलं. बारशाला, हळदीकुंकवाला, शाळेच्या फाटकासमोर कुणी जरा टापटीप आली की ‘संतूर मम्मी’ हे बिरुद तयार असतं. बहुतेक जणी ते कौतुक म्हणून घेतात आणि लाजून हसतात. पण हल्ली दुसरा सूरही ऐकू येतो, आणि तो मला पटतो: आई झालेली बाई आई दिसली तर बिघडलं काय? बाळंतपणानंतर पोट सुटतं, केस गळतात, झोप उडते. अशा बाईला तू कॉलेजातली वाटतेस असं म्हटल्याशिवाय तिचं कौतुकच करता येत नसेल, तर त्या कौतुकात खोट आहे. संतूरच्या जाहिरातींनी त्यातल्या आईला पुढे नोकरी दिली, हातात धडाडीची कामं दिली. वयाचा अंदाज चुकणं मात्र तसंच राहिलं.

2004: लंडनमध्ये सुरकुत्या, महाराष्ट्रात पैठणी

आता ज्या वर्षाने सगळी चर्चा पेटवली त्या 2004 कडे येऊ. डव्हने एक पाहणी करून घेतली. दहा देश, 3,200 बायका. स्वतःला सुंदर म्हणवून घेणाऱ्या किती निघाल्या? शंभरात दोन! त्या दहा देशांत भारत नव्हता. अमेरिका, ब्रिटन, इटली, ब्राझील, जपान वगैरे होते. या आकड्यावर ‘खऱ्या सौंदर्या’ची मोहीम उभी राहिली. मॉडेल नसलेल्या बायकांचे भलेमोठे फोटो फलकांवर लागले आणि शेजारी दोन चौकटी. लंडनच्या नव्वदी ओलांडलेल्या आजीबाई हसतायत, आणि प्रश्न असा की यांना सुरकुतलेल्या म्हणायचं की अप्रतिम? ठुशठुशीत बांध्याच्या तरुणीशेजारी प्रश्न: जाड की झकास? लोकांनी मत द्यायचं.

आणि लोकांनी दिलं! सगळं गोड-गोड मात्र नाही. 2005 मध्ये पांढऱ्या साध्या अंतर्वस्त्रांतल्या सहा बायकांचे फलक अमेरिकेत लागले, तेव्हा ‘शिकागो सन-टाइम्स’मधल्या रिचर्ड रोपर या स्तंभलेखकाने, आपल्याला फलकांवर असल्या बायका बघायच्या नाहीत, अशा अर्थाचं लिहून टाकलं. मग वाचकांची, विशेषतः बायकांची, संतापलेली पत्रं आली. ढिगाने आली. साबणाच्या फलकावरून वर्तमानपत्राचं कार्यालय हादरणं ही काही रोजची गोष्ट नव्हे.

दुसऱ्या बाजूने आलेला आक्षेप जास्त खोल होता. त्या सहा जणींच्या फोटोखाली विकायला काय होतं? त्वचा घट्ट करणारं क्रीम! तुम्ही आहात तशा छान आहात, आता हे मांडीला चोळा. हे ज्यांनी तेव्हाच बोलून दाखवलं त्यांना मी मनापासून दाद देते. साधी बाई दाखवणं आणि साध्या बाईला तिच्या साधेपणाची लाज विकणं, दोन्ही एका फलकावर मावलं होतं.

त्याच 2004 च्या सप्टेंबरात इकडे आजच्या झी मराठीवर आदेश बांदेकर एका घराची बेल वाजवत होते. ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं. ही काही क्रीमची जाहिरात नव्हती, पण साध्या बाईला पडद्याच्या मधोमध बसवण्याचा मराठीतला सगळ्यात मोठा प्रयोग तोच. कुणी उंच, कुणी बुटकी, कुणी लठ्ठ, कुणी सावळी, कुणाचा एक दात पुढे. कुणाचा चेहरा बदलला नाही. अठरा वर्षं संध्याकाळी बायका हातातलं काम सोडून दुसऱ्या बायकांकडे बघत बसल्या आणि एकदाही कुणी म्हटलं नाही की पडद्यावर ‘दिसायला चांगली’ हवी होती. ‘भावोजी आपल्याकडे कधी येणार?’ एवढाच प्रश्न गावोगाव होता. नावं ठेवणारेही होते. बाईचं कौतुक करायचं तर उखाणा, फुगे आणि पैठणी एवढंच का, असं विचारलं गेलं. 2022 मध्ये ‘महामिनिस्टर’साठी अकरा लाखांची पैठणी जाहीर झाली तेव्हा अनेकांनी कपाळावर हात मारला. तरी माझ्या मते, मराठी घराला साधा चेहरा पाहायला आवडतो हे डव्हच्या कोणत्याही पाहणीपेक्षा या कार्यक्रमाने ठामपणे सिद्ध केलं. ज्यांना अजून शंका असेल त्यांनी 2016 चा ‘सैराट’ आठवावा. अकलूजची शाळकरी मुलगी, बुलेटवर बसलेली, आणि तिच्यासाठी वेडा झालेला महाराष्ट्र!

पंचाहत्तर सेकंदांत उघडं पडलेलं गुपित

2006 मध्ये डव्हची एक चित्रफीत आली. पंचाहत्तर सेकंदांची. एक साधी तरुणी येऊन बसते. दिवे, मेकअप, केस. मग संगणकावर मान लांब होते, डोळे मोठे होतात, गाल आत जातात, आणि तयार चेहरा फलकावर चढतो. पुढच्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात तिला सर्वोच्च मान मिळाला. ‘फोटो खोटा असतो’ हे तोपर्यंत ऐकिवात होतं, ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आज पिपरीतली नववीची मुलगीसुद्धा फोनवर हीच सगळी हातचलाखी एका बोटाने करते, म्हणून त्या वेळचा धक्का समजायला थोडं मागे जावं लागतं.

2013 मध्ये आणखी एक. पोलिसांसाठी रेखाचित्रं काढणारा गिल झमोरा पडद्यामागे बसतो, बाई स्वतःचं वर्णन सांगते, तो चित्र काढतो. मग तिला नुकत्याच भेटलेल्या अनोळखी माणसाच्या वर्णनावरून दुसरं चित्र. दुसरं नेहमी जास्त प्रसन्न. पहिल्या महिन्यातच ही फीत दहा कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग बारीक नजरेच्या बायकांनी विचारलं: यात ठळक दिसणाऱ्या बहुतेक जणी गोऱ्या, सडपातळ आणि तरुण कशा? आणि ‘हनुवटी नाजूक’ हे कौतुक का ठरलं? हे प्रश्न जाहिरातीइतकेच गाजले.

जाहिरातीतली बाई स्वतः बोलते तेव्हा

2017 च्या ऑक्टोबरात डव्हच्या छोट्याशा फितीत एका कृष्णवर्णीय तरुणीने अंगातला शर्ट काढला आणि तिच्या जागी गोरी तरुणी दिसली. जगभर संताप उसळला. साबण लावला की काळी बाई गोरी होते, असं सांगणाऱ्या जुन्या वंशद्वेष्ट्या जाहिराती लोकांना आठवल्या. कंपनीने माफी मागितली, फीत काढली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्या जाहिरातीतली लोला ओगुन्येमी ही मूळ नायजेरियन घरातली, लंडनमध्ये जन्मलेली तरुणी. तिने ‘द गार्डियन’मध्ये लेख लिहून सांगितलं की मला बिचारी ठरवू नका, मी आनंदाने हे काम घेतलं होतं, माझ्यासारखी सावळी बाई एवढ्या मोठ्या साबणाचा चेहरा होते याचा मला अभिमान होता, आणि पूर्ण जाहिरात वेगळी होती. लोकांचा राग समजतो, पण कंपनीने नुसती माफी मागण्याऐवजी माझी निवड का केली तेही ठणकावून सांगायला हवं होतं, असा तिचा सूर होता. साध्या बाईवरून साऱ्या जगाने मत दिलं, आणि तिला विचारायचं राहूनच गेलं होतं.

क्रीमचं नाव बदलणाऱ्या बाया

आता आपल्या घरात येऊ. फेअर अँड लव्हली 1975 ची. तिच्या जाहिरातीतली मुलगी साधीच असायची, हे विसरू नका. मध्यमवर्गीय घर, पेन्शनीला आलेले बाबा, सावळी मुलगी. पण ती साधी असायची ती फक्त पहिल्या अर्ध्या भागात! ट्यूब लावली की उजळायची आणि नोकरी, नवरा, मान सगळं एकदम. एका जाहिरातीत तर बाप मुलगा नसल्याची खंत करतो, मुलीला ते ऐकू जातं, ती क्रीम लावते आणि हवाई सुंदरी होते.

याविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटना उभी राहिली. वृंदा करात यांच्या पुढाकाराने कंपनीला पत्रं, मानवाधिकार आयोगाकडे तक्रार, मग 2003 मध्ये सरकारची कारवाई आणि जाहिरात मागे. त्या काळात फोनवर मोहीम चालवायची सोय नव्हती. बैठका, पत्रकं, सह्या आणि चिकाटी एवढंच भांडवल होतं.

2014 मध्ये मुंबईस्थित जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘आस्की’ने, गोरेपणाच्या जाहिरातींसाठी नियमावली काढली. त्यातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो: क्रीम लावण्याआधीची बाई दुःखी, पडेल, अनाकर्षक दाखवायची नाही. सावळ्या रंगामुळे लग्न अडलं, बढती अडली असं सुचवायचं नाही. टीव्हीसमोर बसून पोरींनी वर्षानुवर्षं ज्या रडवेल्या ‘आधी’ची धास्ती घेतली, त्या ‘आधी’लाच चाप बसला.

आणि मग 2020. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वंशभेदाविरुद्ध लाट उसळली, तिचं पाणी आपल्या बाथरूमच्या फडताळापर्यंत आलं. जूनच्या शेवटी हिंदुस्तान युनिलिव्हरने नाव बदलण्याची घोषणा केली आणि जुलैच्या सुरुवातीला ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. छटा मोजायची पट्टी आणि आधी-नंतरचे चेहरे आपण 2019 मध्येच काढले होते, असं कंपनीने सांगितलं. पुरुषांच्या क्रीमच्या ‘ग्लो अँड हँडसम’ या नव्या नावावरून मात्र युनिलिव्हर आणि इमामी लगेच मुंबई उच्च न्यायालयात! लोकांची पहिली प्रतिक्रिया सरळ होती: नाव बदललं, ट्यूब तीच ना? अगदी रास्त प्रश्न. तरीही मी या बदलाला क्षुल्लक म्हणणार नाही. पंचेचाळीस वर्षं दुकानदाराकडे ‘गोरं व्हायचं क्रीम द्या’ असं मागणाऱ्या मुलीच्या तोंडून कंपनीने तो शब्द काढून घेतला, आणि तो काढायला लावला तो बोलणाऱ्या बायकांनी. त्याच कंपनीच्या फळीवर डव्ह, लक्स आणि ग्लो अँड लव्हली शेजारी-शेजारी असतात, हे मात्र लक्षात ठेवून खरेदी करा.

वर्ण: निमगोरा

आपल्याकडे सौंदर्याची सगळ्यात कडक परीक्षा जाहिरातीत होत नाही, ती पोह्यांच्या बशीसमोर होते. बायोडाटात शिक्षण, गोत्र, उंची आणि मग ‘वर्ण’. इथे गहुवर्णी आणि निमगोऱ्याची भाऊगर्दी असते. ‘सावळी’ क्वचितच कुणी लिहितं.

म्हणून 2013 मधली तनिष्कची जाहिरात इतकी भिडली. सावळ्या रंगाची नवरी, दुसरं लग्न, आणि फेरे घेताना तिची छोटी मुलगी ‘मलाही’ म्हणून हट्ट धरते; नवा बाबा तिला उचलून घेतो. दिग्दर्शन पुण्याच्या गौरी शिंदे यांचं. नवरीची भूमिका अभिनेत्री प्रियांका बोस यांची, म्हणजे अगदी रस्त्यावरची बाई नव्हे, पण दागिन्यांच्या जाहिरातीतल्या दुधासारख्या नवऱ्यांच्या रांगेत ती कितीतरी ओळखीची वाटली. देशभर कौतुक झालं. कौतुक दोन गोष्टींचं एकदम होतं, पुनर्विवाहाचं आणि रंगाचं, आणि दोन्हींबद्दल कुणी भाषण दिलं नव्हतं.

2020 च्या जूनमध्ये शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळ शोधायची चाळणी काढून टाकली. त्यासाठी काय लागलं? अमेरिकेत डॅलसला राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका तरुणीची याचिका आणि काही तासांत जमलेल्या दीडेक हजार सह्या. 2021 मध्ये डव्हने भारतात लग्नातल्या या परीक्षेवरच मोहीम काढली: खऱ्या मुली, कुणी सावळी, कुणाच्या चेहऱ्यावर डाग, कुणी अंगाने भरलेली, आणि त्यांना नाकारणारे पाहुणे. पुष्कळ मुलींनी जाहिरात पाहून आपापल्या पाहण्यांच्या कहाण्या सांगितल्या. आणि पुष्कळांनी त्याच क्षणी कंपनीची दुसरी ट्यूब आठवून दिली. दोन्ही बरोबर होत्या.

लिपस्टिक कशी लावावी, सांगतेय रेश्मा

या सगळ्यात मला सगळ्यात धाडसी वाटलेली फीत कुठल्याच कंपनीची नाही. रेश्मा कुरेशी, मुंबईची मुलगी. 2014 मध्ये अलाहाबादला तिच्यावर ॲसिड हल्ला झाला, एक डोळा गेला. 2015 मध्ये ‘मेक लव्ह नॉट स्कार्स’ या संस्थेने तिच्या ‘ब्यूटी टिप्स’च्या फिती काढल्या. लाल लिपस्टिक कशी लावावी, आयलायनर कसं ओढावं. नेहमीच्या मेकअपच्या फितीसारखंच बोलणं, आणि शेवटी एक वाक्य: आयलायनरइतक्याच सहज बाजारात ॲसिडही मिळतं. 

पाहणारे सुन्न झाले. ॲसिडच्या खुल्या विक्रीविरुद्ध लाखो सह्या जमल्या. 2016 च्या सप्टेंबरात रेश्मा न्यूयॉर्कच्या फॅशन वीकमध्ये अर्चना कोचर यांच्या कपड्यांत चालली. सौंदर्याच्या जाहिरातीचा साचा तिने जसाच्या तसा उचलला आणि त्यातून कायद्याची मागणी केली. त्या साच्याचा याहून चांगला उपयोग माझ्या पाहण्यात नाही.

पटापट आणखी काही

वाटिका तेलाने 2014 च्या सुमारास जाहिरातीत केसच नसलेली बाई दाखवली! कर्करोगातून उठलेली, कामावर परत निघालेली. केशतेलवाल्यांनी केस न विकता केलेली ही जाहिरात बघून घरोघरी बायका रडल्या.

डव्हने 2017 मध्ये ब्रिटनमध्ये बायकांच्या बांध्यांसारख्या वेगवेगळ्या आकारांच्या बाटल्या काढल्या. बुटकी, गोल, सडसडीत. लोकांनी इतकी खिल्ली उडवली की विचारू नका. दुकानात आपल्या मापाची बाटली उचलायची कुणी?

फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा संगणकावर बदलला असेल तर तसं छापावं लागतं. नॉर्वेनेही 2021 मध्ये तसा कायदा केला.

मोती साबणाचा मराठी घरातला सगळ्यात लाडका चेहरा कुणाचा? नटीचा नाही, दिवाळीच्या पहाटे चाळीतली दारं ठोठावणाऱ्या म्हाताऱ्या ‘अलार्म काकां’चा! 

व्हिकोचे संस्थापक केशव पेंढरकर यांनी धंद्याची सुरुवात आपल्या नागपुरातल्या किराणा दुकानापासून केली. पुढे त्यांच्या हळदीच्या क्रीमवर ‘हे औषध की प्रसाधन’ हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. अशा खटल्यांत एक कसोटी असते: सामान्य माणूस ती वस्तू काय समजून विकत घेतो? साध्या गिऱ्हाइकाच्या मताला कोर्टातही वजन असतं.

2023 मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेली मलीशा खारवा फॉरेस्ट एसेन्शियल्सचा चेहरा झाली. दुकानात शिरून स्वतःचा फोटो पाहताना तिचा उजळलेला चेहरा लाखोंनी पाहिला. महागड्या प्रसाधनांसाठी एवढ्या लहान मुलीचा चेहरा वापरावा का, हा प्रश्न मला तेव्हाही सतावत होता आणि अजूनही सतावतो.

वर्ध्याचं उत्तर फार जुनं

वर्ध्यात हा विषय निघाला की जानकीदेवी बजाज आठवल्याच पाहिजेत. जमनालालजींच्या पत्नी, अत्यंत श्रीमंत घरातली सून. गांधीजींच्या शब्दावर त्यांनी सोन्याचे दागिने उतरवले, विदेशी भरजरी कपडे होळीत टाकले, खादी अंगावर घेतली, पडदाही सोडला. त्या काळच्या मारवाडी घरात सुनेने उघड्या चेहऱ्याने आणि रिकाम्या गळ्याने चारचौघांत यायचं म्हणजे काय प्रतिक्रिया उमटल्या असतील! नातेवाईक बोलले, समाज बोलला, त्या मागे हटल्या नाहीत. 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आणि 1953 मध्ये याच घराण्याच्या बजाज सेवाश्रमाने केशतेलाचा धंदा सुरू केला, ज्यातून पुढे घरोघरी पोचलेलं बदामाचं तेल आलं. एकाच घरात एक पिढी दागिने उतरवते आणि पुढची केस चमकवणारं तेल विकते. मला यात विसंगती वाटत नाही. जानकीदेवींनी ठरवलं ते स्वतःच्या मर्जीने ठरवलं. वेणीला तेल चोळणारी बाईही तेच करत असेल तर माझी काही तक्रार नाही.

आणि आज, आपल्या पार्लरात

खरं तर साधी बाई सौंदर्याच्या जाहिरातीत आलेलीच आहे, आणि ती डव्हने आणलेली नाही. पिपरी मेघे, सावंगी, सिंदी, वर्धा इथल्या ब्रायडल मेकअप करणाऱ्या मुलींनी ती आणली. नवरी खुर्चीत बसते, आधीचा चेहरा, मग एचडी मेकअप, आयलॅश, नथ, शालू, आणि नंतरचा चेहरा. तीस सेकंदांची रील. नवरी शेजारच्याच गल्लीतली असते. पाहणाऱ्या लिहितात, ‘ताई खूप गोड दिसतेय’, ‘पॅकेज किती?’ आणि हमखास एक जण तरी लिहिते, ‘मेकअपच्या आधीच छान दिसत होती.’ हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. आस्कीची नियमावली, कान महोत्सवाचं पारितोषिक, दहा देशांची पाहणी, हे सगळं त्या एका वाक्यात कुणीतरी बसल्या जागी म्हणून टाकलं होतं.

पण दुसरी बाजूही तिथेच असते. मेकअपच्या नावाखाली नवरी तीन छटा गोरी झालेली असते आणि मान, हात वेगळेच राहतात. ‘आधी’ला मुद्दाम ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात, केस विस्कटून बसवलेलं असतं. म्हणजे कंपन्यांना जे करायला बंदी झाली ते आपण घरच्या घरी करतो आहोत. आणि आता तर काही फ्लेक्सवर नवरीच संगणकाने बनवलेली दिसते. तिला नाव नाही, गाव नाही, तिला विचारायचीही गरज नाही. डव्हने 2024 मध्ये जाहीर केलं की बायका दाखवण्यासाठी आम्ही असे कृत्रिम चेहरे वापरणार नाही. आपल्या पार्लरवाल्या ताईंनीही हेच करावं अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एकाच उजेडात टिपा. आणि नवरीचा फोटो वापरायचा तर तिला विचारून, लग्नाच्या गडबडीत घाईने मान डोलावून घेऊन नाही, तर निवांत विचारून, लेखी घेऊन वापरा. सासरी त्या फोटोवरून कोण काय बोलेल ते ऐकायचं तिलाच असतं. तिच्या चेहऱ्याने पुढच्या दहा बुकिंग येणार असतील, तर पॅकेजमध्ये सूट हा तिचा हक्क आहे, आणि ती मागायला तिने लाजू नये.